ताशी वीस मिली

४ फेब्रुवारी, मंगळवार

चौतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाचं भोजनगृह सांभाळलं. रोज दुपारी वहीत लिहायचे: किती जणी जेवल्या, काय उरलं, काय बिघडलं. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही, घरीही चार ओळी खरडतेच. आज काय बिघडलं ते लिहायला हात उचलत नाही. पण लिहिते.

काल सकाळी साडेआठला सून कामाला निघाली आणि आमच्याच जिन्यावरून पडली. धप्पकन आवाज झाला. मला वाटलं, वरच्यांनी गादी खाली टाकली. खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांनी हाक मारली तेव्हा धावले. ती कठड्याशी आडवी पडलेली, एक चप्पल पायात, दुसरी चार पायऱ्या वर. रक्त फारसं नव्हतं. म्हणून मी म्हणत राहिले, "ऊठ, ऊठ, काही झालं नाही." ती उठली नाही.

डोक्यात रक्तस्राव. दुपारी ऑपरेशन झालं. मेंदू सुजतोय, त्याला जागा हवी म्हणून कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून ठेवलाय. श्वास यंत्रावर. वय अडतीस.

मुलगा भिंतीला डोकं टेकून बसलाय. त्याला म्हटलं, काहीतरी खाऊन घे. तो म्हणाला, "आई, तुला आत्ता खाणं सुचतंय?"

मला दुसरं काय सुचणार?

५ फेब्रुवारी, बुधवार

अतिदक्षता विभागात भेट सकाळी अकरा ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच. एका वेळी एकच माणूस. बाकी वेळ बाहेरच्या हॉलमध्ये, एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्यांवर. एकानं पाय हलवला की सहा जण हलतात.

आज तिच्या नाकातून पोटात नळी घातलीय. नळी पंपाला, पंप पिशवीला. पिशवीत फिक्या दुधासारखं पिवळट काहीतरी. सिस्टरला विचारलं, हे काय? म्हणाली, जेवण. किती देता? म्हणाली, ताशी वीस मिली.

वीस मिली म्हणजे चार चमचे. तासाला चार चमचे! मांजराच्या पिल्लालाही मी याहून जास्त पाजलंय. वसतिगृहात मुली मला पाठीमागे 'पळी' म्हणायच्या, माझ्या पळीतून कुणाला कमी नाही आणि कुणाला जास्त नाही म्हणून. दोनशे जणींचं माप माझ्या मनगटात होतं. आणि माझ्या घरच्या माणसाला चार चमचे.

"आजी, पोट झोपलेलं असतं," सिस्टर म्हणाली. "हळूहळू वाढवू."

अजून नातवंडाचं तोंड पाहिलं नाही आणि सगळ्या हॉस्पिटलची आजी झाले.

परवा दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं होतं, यांनी शेवटचं कधी खाल्लं? मी म्हटलं, सकाळी, आमच्याबरोबर. आज ते आठवलं. नेमकं काय खाल्लं होतं ते मात्र काही केल्या आठवेना. चहा तर घेतलाच असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज अंगाची लाही लाही झालीय.

इथे एक आहारतज्ज्ञ आहे. तिशीच्या आतली, केस मुलासारखे कापलेले, पायात रबरी चपला. मनातल्या मनात मी तिला आहारवाली म्हणते. हॉलमध्ये येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, यांचं वजन एकेचाळीस किलो भरलं. उंचीच्या मानानं फारच कमी. घरी जेवण कमी होतं का?"

"कमी?" मी म्हटलं. "दोनशे पोरी पोसल्यात मी."

"मी यांच्याबद्दल विचारतेय."

"काटक आहे ती. पहिल्यापासून."

मग तिनं समजावलं. बरेच दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीराला एकदम अन्न मिळालं तर रक्तातले क्षार झपाट्यानं ओढले जातात, आणि हृदय, श्वास, सगळंच डळमळू शकतं. कालच्या रक्तात फॉस्फेट नावाचं काहीतरी तळाला गेलंय. म्हणून वीसचे दहा केलेत. शिरेतून औषध देताहेत, दोन-तीन दिवसांनी पुन्हा वाढवतील.

"आणि दुसरीकडे," ती म्हणाली, "डोक्याला असा मार लागला की शरीर आतून भट्टीसारखं पेटतं. बाहेरून मिळालं नाही की स्वतःचेच स्नायू खातं. म्हणजे भरपूर द्यायला हवं, आणि देता येत नाही. अशी पंचाईत आहे."

अर्धपोटी. आमच्या घरात! आता फक्त दवंडी पिटायची बाकी आहे. मुलाला सांगितलं, ती पोरगी असं असं म्हणते. तो फोनमध्ये बघत होता. म्हणाला, "खायची की ती. मी कधी बघितलं नाही, पण खायची."

१० फेब्रुवारी, सोमवार

सून चष्म्याच्या दुकानात काम करते. दांड्या गरम करून वाकवायच्या, बारीक स्क्रू पिळायचे, लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसवून द्यायचा. तिच्याबरोबर काउंटरवर असणारी बाई आज भेटायला आली. आत सोडलं नाही म्हणून माझ्यापाशीच बसून रडली.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी डबा नीट खायची ना?"

"निम्मा मलाच द्यायची. तुमच्या हातचं म्हणून मी आवडीनं खायचे. विचारलं तर म्हणायची, मला जास्त खायची सवय नाही. आणि सकाळची तर रोज रिकाम्या पोटी यायची. अकरा वाजले की हात कापायचे तिचे, स्क्रू सुटायचा बोटांतून. मग मी बिस्किटं पुढं करायचे." मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्हाला हे माहीतच असेल म्हणा."

"हो तर," मी म्हटलं.

डबा मी भरते. रोज संध्याकाळी तो धुतलेला, उपडा घातलेला असतो. रिकामा डबा म्हणजे पोटात गेलेला डबा, असा माझा हिशेब.

भेटीच्या वेळी डॉक्टरांना गाठलं. "उपाशी होती म्हणून चक्कर येऊन पडली असेल का?"

"सांगता येणार नाही," ते म्हणाले. "चक्कर येऊ शकते, पाय घसरू शकतो. आता ते शोधून उपयोग नाही."

उपयोग नाही हे खरं. पण मला तर तेवढंच हवं होतं, कुणीतरी म्हणावं, पाय घसरला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फॉस्फेट वर आलं, पंप चाळीसवर गेला आणि आज असं झालं. सकाळी आठला तिला स्कॅनसाठी नेलं. न्यायच्या आधी पंप बंद करतात. अकराला मी आत गेले तर ती जागेवर परत आलेली, पंप बंद. मला वाटलं, करतील चालू. पाचला गेले तर पंप बंदच. नऊ तास! ब्रदरला विचारलं तर म्हणाला, "सकाळच्या पाळीनं सुरू करायला हवा होता."

"आणि तू दुपारच्या पाळीला काय पंप पुसायला आलायस?"

माझा आवाज दोनशे मुलींच्या भोजनगृहात शेवटच्या बाकापर्यंत जायचा. इथे तर अकराच खाटा. आहारवाली पळत आली. वाटलं, आता ही मला बाहेर काढणार. तिनं आधी पंप चालू केला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आजी, खरं सांगू? रोज हेच होतं. स्कॅन, ऑपरेशन, नळी बदलणं, प्रत्येक वेळी बंद होतं आणि लगेच सुरू करायचं कुणाच्या डोक्यात राहत नाही. या आठवड्यात ठरवलं होतं त्याच्या निम्मंच यांच्या पोटात गेलंय."

निम्मंच.

"मला करता येईल असं काही काम सांग," मी म्हटलं. ती म्हणाली, भेटीला याल तेव्हा पंप चालू आहे का, आकडा किती आणि खाटेची डोक्याकडची बाजू वर उचललेली आहे का, एवढं बघा आणि मला सांगा.

गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदाच मी इथे कुणाच्या तरी कामाची वाटले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

न्यूमोनिया. ताप एकशे तीन. परवा गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी तिथून घातलीय. पोट पुन्हा काही घेत नाही, दिलेलं उलटून येतं. पंप पंधरावर.

सिस्टर तिचं अंग पुसत होती तेव्हा पडदा नीट लागला नव्हता. मांडीच्या जागी नुसतं हाड आणि त्यावर लोंबणारी कातडी. माझं मनगट आणि तिचा दंड सारखेच. पंधरा दिवसांत माणूस असा संपतो? की आधीच संपत आला होता आणि साडीमुळे दिसत नव्हता?

डॉक्टर म्हणाले, "पुढचे दोन दिवस अवघड आहेत." मुलगा म्हणाला, "मला आत जायला सांगू नकोस, आई. तिथल्या वासानं मळमळतं." पुरुषांना हे सोसत नाही. याचे वडील गेले तेव्हाही तो गच्चीवर जाऊन बसला होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आहे. पंप पंचवीस.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डोळे उघडले! कालच उघडले म्हणे. मी धावतपळत मुलाला फोन केला. तो फरशांच्या कंपनीत विक्रीला आहे, गावोगाव फिरतो. संध्याकाळी आला. पाच मिनिटांत बाहेर. "माझ्याकडे बघत नाही ती. माझ्यातून आरपार बघते."

"अरे, येईल हळूहळू."

"आणि नाही आली तर?"

त्याला जेवायला घरी चल म्हटलं तर म्हणाला, काम आहे. कामात जीव रमवतोय बिचारा.

१ मार्च, शनिवार

साध्या वॉर्डात हलवलं. यंत्र निघालंय, गळ्यातल्या नळीनं स्वतःच श्वास घेते. नाकातली नळी आहेच. आता मला दिवसभर बसता येतं. पिचकारीनं नळीतून अन्न कसं द्यायचं ते सिस्टरनं शिकवलं: आधी पाणी, मग अन्न, मग पुन्हा पाणी. हात उंच धरायचा, ढकलायचं नाही, आपसूक उतरू द्यायचं. मला एका वेळेत जमलं. तोंडानं मात्र थेंबही नाही, असा पाटीवर मोठ्या अक्षरात हुकूम. गिळायचं ती विसरलीय, म्हणतात. गिळायचं कुणी विसरतं का?

४ मार्च, मंगळवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

काल दुपारी ती ओठ हलवत होती. चुटूक चुटूक, तान्ह्या बाळासारखं. डोळे माझ्याकडे. मला वाटलं, महिनाभर जिभेला काही लागलं नाही, भूक लागली असेल. घरून माझ्यासाठी गाजराचं सूप आणलं होतं. गाळलेलं, कोमट. शेजारची खाट रिकामी, सिस्टर पलीकडच्या टोकाला. मी एक चमचा दिला. गेला. दुसरा दिला. गेला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तिसऱ्याला ती खोकली. मी थांबले, तोंड पुसलं, डबा पिशवीत घातला.

तासाभरानं सिस्टर गळ्याच्या नळीतून कफ ओढायला आली. यंत्राच्या बाटलीत केशरी पाणी आलं. सिस्टरनं बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि डॉक्टरांना बोलवायला धावली.

तीन चमचे, आणि तिन्ही छातीत उतरलेले. पोटात एकही गेला नव्हता. तो 'गेला' म्हणजे कुठं गेला ते मला कळलंच नाही.

आज पुन्हा अतिदक्षता विभाग. पुन्हा यंत्र.

मुलगा हॉलमध्ये सगळ्यांसमोर ओरडला, "तू मारशील तिला! सगळ्यांना कोंबायची हौस तुला!" सहा खुर्च्या हादरल्या. कुणीतरी बाई म्हणाली, "अहो, आई आहे तुमची." मी म्हटलं, "बोलू द्या त्याला. बरोबर बोलतोय."

७ मार्च, शुक्रवार

आहारवालीसमोर जायची लाज वाटत होती. तीच आली. म्हटलं, आता बोल मला चार शब्द. ती म्हणाली, "पाटी लावतो, पण का ते नीट सांगत नाही आम्ही. चूक आमचीही आहे." तिच्या त्या चांगुलपणानं जास्तच मेल्यासारखं झालं.

मुलगा तीन दिवस फिरकला नाही. माझं तोंड बघवत नसेल त्याला.

१५ मार्च, शनिवार

आज तिच्याशेजारी बसून मनात असं आलं की हिचं संपलं तर बरं होईल. हिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. म्हणजे मग मला कुणी काही विचारणार नाही. लिहून ठेवते. माणूस स्वतःला ओळखत असतं ते अशा एखाद्या दुपारपर्यंतच.

पंप पंचावन्न. चालू होता.

२ एप्रिल, बुधवार

पुन्हा वॉर्डात. वजन पस्तीस. हात उचल म्हटलं की उजवा उचलते, डावा थोडा उशिरा. मी म्हटलं, "मी कोण?" तर बराच वेळ बघून डोळे मिटले. सिस्टर म्हणाली, थकतात त्या. मला वाटलं, ओळखलं म्हणूनच मिटले.

११ एप्रिल, शुक्रवार

गळ्यातली नळी काढली. आज गिळण्याची तपासणी. त्यासाठी वेगळी बाई येते, तिचं बोट सुनेच्या कंठावर आणि डोळे सुनेच्या तोंडावर. घट्ट केलेलं पाणी, खळीसारखं. हनुवटी खाली, एक अर्धा चमचा, गिळा, पुन्हा गिळा, आता आवाज काढा. मी खाटेचा दांडा धरून उभी. प्रत्येक चमच्याला तिच्याबरोबर मीही गिळत होते.

पाच चमचे नीट उतरले. सहावा पुढे केला तर तिनं तोंड फिरवलं आणि बोलली. सदुसष्ट दिवसांनी पहिला शब्द. घोगरा, पण स्पष्ट.

"बास."

सिस्टर टाळ्या वाजवायला लागल्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा हसली. मी पण हसले, मग पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले. हा शब्द मला नवा नव्हता. रोज संध्याकाळी मी वाढायला लागले की अर्ध्या पळीला तिचा हात ताटावर आडवा यायचा: बास, आई. अकरा वर्षं.

मुलाला फोन लावला. लागला नाही. निरोप ठेवला.

१८ एप्रिल, शुक्रवार

खात नाही. चमचा पाहिला की ओठ घट्ट. घुसळलेलं, घट्ट केलेलं, गोड, खारट, मी घरून करून आणलेलं, हॉस्पिटलचं, सगळं तेच. दोन चमचे, बास. दोनदा नाकातली नळी उपटून काढली. आता डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर पोटाला छेद देऊन कायमची नळी बसवावी लागेल.

बोलते थोडं थोडं. पण आधीची ती नाहीच. पूर्वी तोंडातून वाकडा शब्द निघत नसे. काल सिस्टरला म्हणाली, "तुझे हात गार आहेत, जा." मला म्हणाली, "किती बोलता." डॉक्टर म्हणतात, कपाळामागच्या मेंदूला मार लागला की मनातलं आणि तोंडातलं यांमधलं दार मोडतं.

मला खात्री आहे, ती माझ्यावर रागावलीय. माझ्या हातचं खायचं नाही, असं ठरवलंय तिनं.

२२ एप्रिल, मंगळवार

त्या नळीच्या कागदावर नवऱ्याची सही हवी म्हणून मुलाला बोलावलं. आला. दाढी नीट केलेली, नवा शर्ट. खाटेपाशी उभा राहिला. ती म्हणाली, "तुम्ही जाड झालात." त्याला हसू आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, "आई, मी तिच्या भावाशी बोललोय. ती तिकडेच राहील, आपल्याला हे जमणार नाही. आणि मी बदली मागितलीय. सहा महिन्यांचाच प्रश्न आहे."

"भाऊ काय देणार तिला खायला? त्याला ती किती मिनिटांनी गिळते ते तरी माहीत आहे का?"

"म्हणजे तू करणार? या वयात? ती तुझी कोण लागते एवढी?"

"सून लागते."

"माझ्यामुळे लागते ना!"

थकलाय तो. तीन महिने काही थोडे नाहीत. मी म्हटलं, तू जाऊन ये सहा महिने, तोवर मी आहे. त्यानं सही केली आणि माझ्या पाया पडला. यापूर्वी तो कधी पाया पडला होता ते आठवत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

आहारवाली आज रिकाम्या हातानं आली नाही. चार झाकणाच्या बाटल्या: एकीत कॉफी, एकीत साबण, एकीत लवंग, एकीत नुसता कापूस. सुनेचे डोळे मिटायला लावून एकेक नाकाशी धरली. "कसला वास?"

"नाही."

"हा?"

"नाही."

चारही बाटल्यांना नाहीच.

"आजी, डोकं आपटतं तेव्हा वासाच्या नसा तुटू शकतात. यांना वास येतच नाही. म्हणजे चवही जवळजवळ नाही. आणि भूकही बहुतेक कळत नाही. आपण गरम लगदा तोंडात घातला की यांना नुसता लगदाच लागतो."

"म्हणजे रागावलेली नाहीये?"

"रागाचं मला माहीत नाही," ती हसून म्हणाली. "पण आंबट आणि तिखट यांना जाणवेल, जिभेला झोंबतं म्हणून. गारही जाणवेल. तिथून सुरुवात करू."

लिंबू पिळलेलं गार दही, घट्ट. सुनेनं सात चमचे घेतले. आठव्याला मी थांबले, ती नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण महिनाभर मी जिच्या रागाची वाट बघत होते, तो राग मुळात नव्हताच.

२७ एप्रिल, रविवार

आज तिला सांगून टाकलं. इतक्या दिवसांत या वहीलाही सांगितलं नव्हतं.

लग्नाचे पाहुणे घरात होते. तिसरा की चौथा दिवस. सगळ्यांबरोबर ती जेवायला बसली आणि तिनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मी हसत हसत म्हटलं, "दोनशे पोरी पोसल्या मी, पण एवढं खाणारी नाही पाहिली." सगळे हसले. तीही हसली. मुलगा सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या दिवसानंतर ती आमच्याबरोबर जेवायला बसली नाही. मला वाटलं, किती समजूतदार आहे, आधी सगळ्यांना वाढते. चारचौघांत कौतुकही केलं मी तिचं.

हे सगळं मी तिचा हात धरून सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, कपाळाला आठी. मग म्हणाली, "आठवत नाही."

"नीट आठव. लाल काठाची साडी होती तुझी."

"आठवत नाही." थोड्या वेळानं विचारलं, "भात होता?"

"हो."

"कसा होता?"

"चांगला होता. मोकळा, गरम."

तिनं मान हलवली, जशी कुणा परक्या बाईची गोष्ट ऐकावी तशी.

डॉक्टरांना विचारलं, हे आठवेल का कधी? म्हणाले, त्या वर्षांतलं बरंच पुसलं गेलंय, येईल असं वाटत नाही. म्हणजे माफी मागायची कुणाकडे? जिला लागलं होतं ती त्या जिन्यावरच राहिली. ही जी खाटेवर आहे तिच्याकडे मला क्षमा करायला काही कारणच उरलेलं नाही.

६ मे, मंगळवार

पोटाची नळी तूर्त टळली. वजन साडेसदतीस. उद्या घरी. कवटीचा तुकडा पुढच्या महिन्यात बसवतील, तोवर डोक्यावर जाड टोपी. तिला खुर्चीत बसवून दोन जिने चढवायचं खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांनी आणि त्यांच्या भावानं कबूल केलंय. आहारवालीनं कागद लिहून दिलाय: दर अडीच तासांनी खाणं, भूक लागो न लागो, घड्याळ लावून. सरळ बसवून. बोलत बोलत नाही. घाई नाही.

मुलाचा निरोप आला, तिकडे जागा मिळाली, दोन खोल्यांची, छान हवेशीर. एकट्याला दोन खोल्या कशाला लागतात कोण जाणे. स्वस्त मिळाली असेल.

१८ मे, रविवार

घरी बारावा दिवस. कठीण आहे. ती दिवसातून चारदा रडते, का ते तिला सांगता येत नाही. परवा ताट भिरकावलं. काल जिन्याकडे जायला निघाली, दुकानाला उशीर होतोय म्हणून. मी दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली कमरेला. माझे गुडघे संपले आहेत. दुपारी तिला झोप लागली की मी मोरीत बसून रडते, नळ सोडून.

आज दुपारचं जेवण. घड्याळ वाजलं. आम्ही दोघी समोरासमोर बसतो. मी खाल्ल्याशिवाय ती तोंड उघडत नाही, म्हणून मीही दर अडीच तासांनी खाते. तिखट घातलेला मऊ भात कालवला आणि चमचा भरला. तिनं चमच्याकडे न बघता विचारलं, "तुमचा मुलगा कुठंय?"

"बदलीच्या गावी. सांगितलं ना तुला. सहा महिन्यांनी येईल."

"नाही येणार."

"येईल ग. असं बोलू नये."

"नाही येणार," ती पुन्हा म्हणाली. रागानं नाही, दुःखानंही नाही. चष्मा सैल आहे असं गिऱ्हाईकाला सांगावं तसं. आणि माझ्या हातातला चमचा काढून घेऊन तिनं स्वतःच्या हातानं घास घेतला. डावा हात ताटाच्या कडेवर, उजवा थरथरता. अर्धा भात टोपीच्या बंदावर सांडला.

मला काहीतरी म्हणायचं होतं. पण तिचा घास मोठा होता, आणि घास तोंडात असताना बोलायचं नाही असा नियम आहे. मी तिच्या कंठाकडे बघत राहिले, तो वर जाऊन खाली येईपर्यंत.